परसांतील डाळिंब : लागवड व निगा

डाळिंबाचें झाड पाहिलें नाहीं असा मनुष्य आपल्या देशावर सांपडणें कठीण. पूर्वीं विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या मागें किंवा तुळशीवृंदावनाच्या पलीकडे एखादें तरी डाळिंब असावयाचेंच. आजाऱ्यास दाणे सोलून द्यावे, पोट बिघडलें तर वाळलेली साल उगाळून द्यावी, सणावारीं देवापुढें फळ ठेवावें, इतक्या सर्व कामांस तें एक झाड पुरत असे. पुढें त्याचे मळे झाले. सांगोलें, पंढरपूर, मंगळवेढें, आटपाडी, सटाणें, मालेगांव या बाजूंच्या ज्या हलक्या माळरानांवर दुसरें फळझाड तग धरीत नसे, तेथें डाळिंबानें कित्येकांच्या घरांवर पक्कीं छपरें चढविलीं. सन २००५ मध्यें सोलापुरास डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें, व सन २०१६ मध्यें सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकनहि मिळालें. मळ्यांतील डाळिंबाविषयीं म्हणूनच पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. परसांतील एकट्या झाडाची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं.

आपल्या संघाच्या सभासदांकडून आम्हांस नेहमीं एकच प्रश्न येतो. "झाड चांगलें वाढलें, फुलांनीं लाल होतें, पण फळ धरत नाहीं, काय करावें?" या प्रश्नाचें उत्तर द्यावें, व त्या निमित्तानें रोप लावण्यापासून फळ काढण्यापर्यंतचा सर्व क्रम सांगावा, अशा हेतूनें हा लेख लिहीत आहों. आम्ही कृषिविद्येचे पदवीधर नव्हे. महसूल खात्यांत छत्तीस वर्षें कारकुनी केली. झाडें आम्ही कागदावर अधिक मोजलीं व जमिनींत थोडीं लाविलीं. जें थोडें ठाऊक झालें तें बहुतेक चुकूनच. त्या चुकांपैकीं एक अशी आहे कीं, ती सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं. ती तिच्या जागीं येईल.

जागा व जमीन.—

डाळिंब मूळचें इराण व त्याच्या आसपासच्या कोरड्या मुलखांतलें. ऊन, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन या तीन गोष्टी त्याला मानवतात. सावली आणि दलदल या दोन मानवत नाहींत. म्हणून जागा निवडतांना प्रथम ऊन पाहावें, मग पाणी. बहुतेक घरीं याच्या उलट होतें. न्हाणीचें पाणी जेथें वाहतें तेथें झाड लाविलें कीं निराळें पाणी घालावयास नको, हा हिशेब वरवर सोयीचा दिसतो. तो डाळिंबाला कां सोसत नाहीं तें बहाराच्या प्रकरणांत सांगूं.

दिवसांतून निदान सहा तास उघडें ऊन मिळेल, भिंतीपासून व दुसऱ्या मोठ्या झाडापासून आठ-दहा फूट अंतर राहील, आणि पावसाचें पाणी सांचणार नाहीं, अशी जागा असावी. जमीन हलकी ते मध्यम, मुरमाड असली तर उत्तम. थोडी चुनखडीची किंवा किंचित् खारवट जमीन इतर फळझाडांना सोसत नाहीं, ती डाळिंब सोसतें. काळ्या भारी जमिनींत मात्र पावसाळ्यांत मुळांशीं पाणी तुंबतें व उन्हाळ्यांत भेगा पडून बारीक मुळें तुटतात. परसांत काळीच माती असेल तर सभोंवतीच्या जमिनीपेक्षां हातभर उंच असा रुंद वरंबा करून त्यावर झाड लावावें. ज्यांना परसूंच नाहीं त्यांनीं गच्चीवर अर्ध्या पिंपांत, तळाला भोकें पाडून, लाविलें तरी तें वाढतें व थोडीं फळें देतें. पाण्याची व खताची काळजी मात्र अधिक घ्यावी लागते.

जात.—

आपल्याकडील जुनी नांवाजलेली जात म्हणजे गणेश. पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. चीमा यांनीं आळंदी जातीच्या रोपांतून ती सन १९३६ मध्यें निवडून काढली. दाणा गुलाबी, बी मऊ, चव गोड. म्हाताऱ्यांना व लहान मुलांना चावावयास सोपी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें पुढें मृदुला, आरक्ता व भगवा या जाती दिल्या. त्यांपैकीं भगवा ही आज मळ्यांत सर्वांत अधिक दिसते. तिची साल केशरी लाल व चकचकीत, दाणा गडद लाल व बी मऊ असतें; फळ तयार होण्यास मात्र गणेशपेक्षां दिवस अधिक लागतात. घरीं खाण्यापुरतें एकच झाड लावावयाचें असेल तर या दोहोंपैकीं कोणतेंहि लावावें. जातीपेक्षां रोप निरोगी असणें शतपट महत्त्वाचें आहे.

रोप.—

खाल्लेल्या फळाचें बी टाकून उगवलेलें झाड मूळ झाडासारखें निघेल असा भरंवसा नसतो. म्हणून रोप कलमाचें घ्यावें. डाळिंबाला दोन कलमें सोपीं: फाटे कलम व गुटी कलम. फाटे कलमासाठीं पक्व झालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड काडीचे वीतभर तुकडे करून ते पाणी धरणार नाहीं अशा वाळूमिश्रित मातींत दोनतृतीयांश पुरावे. यांतले कांहीं जगतात, कांहीं मरतात.

गुटी अधिक खात्रीची. पावसाळा सुरू झाल्यावर निरोगी, भरपूर फळणाऱ्या झाडाची पेन्सिलीएवढी सरळ काडी निवडावी. तिच्यावरील सुमारें इंचभर साल चाकूनें गोल काढावी, आंतला चिकट थर फडक्यानें पुसून टाकावा, त्यावर ओलें करून पिळलेलें शेवाळ मुठींत मावेल इतकें लपेटावें व प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोकें सुतळीनें घट्ट बांधावीं. साल काढलेल्या जागीं वरच्या कडेस मुळें फुटण्याची पूड लाविली तर काम लवकर होतें. पांच-सहा आठवड्यांत कागदांतून मुळें दिसूं लागतात. पांढरीं मुळें तांबूस झालीं म्हणजे गुटी खालून कापून मातीच्या पिशवींत लावावी व महिना-दीड महिना सावलींत वाढवावी.

रोप विकत घ्यावयाचें असेल तर पान उलटें करून उजेडाकडे धरून पाहावें. पानावर पाणी भिनल्यासारखा, तेलाचें बोट लागल्यासारखा एकहि ठिपका दिसला तर तें रोप, तें कितीहि स्वस्त असो, हात न लावतां तेथेंच ठेवावें. या एका वाक्यासाठीं आम्हांस काय द्यावें लागलें तें पुढें येईल.

खड्डा व लावणी.—

उन्हाळ्यांत दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा घेऊन तो महिनाभर उन्हांत तापूं द्यावा. मग वरच्या थराची माती, चांगलें कुजलेलें शेणखत पंधरा-वीस किलो, निंबोळी पेंड एक किलो व सुपर फॉस्फेट अर्धा किलो मिसळून खड्डा भरावा. कच्चें शेणखत घालूं नये. त्यांत हुमणी होते व उष्णता होऊन मुळें दुखावतात. पहिले एक-दोन पाऊस होऊन माती बसली म्हणजे रोप लावावें. पिशवींतील मातीचा गोळा फुटूं देऊं नये, रोप पिशवींत होतें त्याहून खोल लावूं नये, आणि लगेच काठीचा आधार द्यावा.

वळण व छाटणी.—

डाळिंब हें स्वभावतः झुडूप आहे. बुंध्यापासून अनेक फुटवे काढणें हा त्याचा धर्म. सर्वच फुटवे ठेविले तर झाडाची जाळी होते, आंत ऊन-वारा जात नाहीं, कीड लपून राहते. एकच खोड ठेविलें तर त्याला किडा लागतांच सर्व झाड जातें. म्हणून जोमदार अशीं तीन-चार खोडें निरनिराळ्या दिशांना ठेवावीं व बाकीचे फुटवे जमिनीलगत काढावे. पुढेंहि बुंध्यापासून जे सरळ वाढणारे पाणसोट निघतात ते कोंवळे असतांनाच काढीत जावे. ते अन्न खातात पण फळ देत नाहींत.

फळें येतात तीं जुन्या काडीवरील आंखूड फांद्यांच्या टोकांस. हें ध्यानांत ठेवून छाटणी हलकी करावी. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या व जमिनीस टेंकणाऱ्या फांद्या काढाव्या आणि शेंड्यांचीं टोकें थोडीं मारावीं. झाड वाढलें म्हणून न्हाव्यानें डोकें करावें तसें वरून सारखें कापणारे कांहीं गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. ते फळाची काडीच कापून टाकतात व मग वर्षभर फळ नाहीं म्हणून कुरकुरतात.

बहार; फुलें गळण्याचें कारण.—

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. डाळिंबाचीं सर्व फुलें सारखीं नसतात. फुलाचा खालचा भाग नीट पाहावा. तो घंटेसारखा निमुळता असेल तर तें नरफूल. तें गळावयाचेंच, त्यास उपाय नाहीं व त्याचें दुःखहि करूं नये. खालचा भाग कलशासारखा फुगीर असेल तर त्या फुलाचें फळ होतें. अंगणांत शंभर फुलें पडलेलीं दिसलीं म्हणजे शंभर फळें बुडालीं असें नव्हे. पण झाडावर कलशफुलें फारच थोडीं येत असतील, किंवा तींहि गळत असतील, तर दोष बहुधा आपला असतो; आणि तो बहुतेक वेळां पाण्याचा असतो.

डाळिंबाला विश्रांतीची गरज आहे. रोजच्या रोज ओल मिळणारें झाड बारा महिने पानें काढीत राहतें, थोडींथोडीं फुलत राहतें, आणि अंगांत अन्नाचा सांठा न झाल्यामुळें फळ पोसूं शकत नाहीं. न्हाणीच्या पाण्यावरील झाड फुलतें पण फळत नाहीं याचें मर्म हें. त्यांत साबणाच्या पाण्यानें माती घट्ट व चोपण होते ती निराळीच. उपाय असा कीं, तें पाणी चर काढून केळीकडे किंवा अळवाकडे न्यावें व डाळिंबाला ताण द्यावा. हलक्या जमिनींत महिनाभर, भारी जमिनींत दीड-दोन महिने पाणी अजिबात तोडावें. पानें पिवळीं पडून बरींच गळतात. घरांतील मंडळी "झाड मेलें" म्हणून घाबरतात. पण गळूं द्यावीं. मग हलकी छाटणी करावी, आळें खणून खत द्यावें, पहिलें पाणी बेताचें व नंतरचें हळूहळू वाढवीत द्यावें. पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी व महिना-सव्वा महिन्यांत फुलें येतात, तीं एकदम व जोमानें येतात.

आपल्याकडे बहार तीन धरतात. जानेवारी-फेब्रुवारींत पाणी सोडून धरतात तो आंबे बहार. त्याचीं फळें जून ते ऑगस्टपर्यंत मिळतात. पावसाच्या आरंभीं येतो तो मृग बहार; त्याचीं फळें नोव्हेंबर ते जानेवारींत. सप्टेंबर-ऑक्टोबरांत धरतात तो हस्त बहार. त्याचीं फळें फेब्रुवारी ते एप्रिलांत. वर्षांत एकच बहार धरावा. घरच्या झाडास आंबे बहार सोपा, कारण नोव्हेंबर-डिसेंबरांत हवा कोरडी असल्यानें ताण आपोआप बसतो. मात्र उन्हाळ्यांत पाण्याची तरतूद हवी. जवळपास तेल्या रोग असेल तर हस्त बहार धरावा, कारण त्याचीं फळें कोरड्या दिवसांत वाढतात; परंतु पावसाच्या ओलींत ताण बसविणें कठीण, तें हलक्या जमिनींतच साधतें. मृग बहाराचीं फळें ऐन पावसांत वाढतात म्हणून रोगाच्या मुलखांत तो टाळावा.

झाड दोन वर्षांचें होईपर्यंत आलेलीं फुलें खुडून टाकावीं. पहिल्या बहाराला वीस-पंचवीस फळें पुरे. पूर्ण वाढलेल्या झाडावर साठ ते ऐशी ठेवावीं, आणि झुपक्यांत तीन-चार आलीं असतील तर एक-दोन ठेवून बाकीचीं लहानपणींच काढावीं.

खत व पाणी.—

पहिल्या वर्षीं दहा किलो कुजलेलें शेणखत, दुसऱ्या वर्षीं वीस, असें वाढवीत पांचव्या वर्षापासून दर झाडास चाळीस-पन्नास किलो द्यावें. मळ्यांतील पूर्ण वाढलेल्या झाडास त्याशिवाय वर्षास ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश देण्याचा प्रघात आहे. घरीं याच्या निम्म्यानेंहि भागतें. नत्र दोनदां द्यावें: अर्धें बहार धरतांना, अर्धें फळें सुपारीएवढीं झाल्यावर. खत बुंध्याशीं ओतूं नये. फांद्यांच्या घेराखालीं जेथें बारीक मुळें असतात तेथें गोल चरींत द्यावें.

फळें धरल्यापासून काढीपर्यंत पाण्याचा नेम चुकूं देऊं नये. आठ दिवस कोरडें ठेवून नवव्या दिवशीं आळें तुडुंब भरणें याइतकें वाईट दुसरें कांहीं नाहीं. कोरड्यांत साल आवळून बसते. एकाएकीं पाणी मिळालें कीं आंतील दाणे फुगतात, साल तितकी ताणत नाहीं, आणि फळ तडकतें. थोडें पण नियमानें पाणी द्यावें, आळ्यांत पाचटाचें किंवा वाळल्या पाल्याचें आच्छादन घालावें. एवढें करूनहि फळें तडकत असतील तर बोरॉनची उणीव समजून एक लिटर पाण्यांत दोन ग्रॅम बोरॅक्स घालून एक-दोन वेळां फवारावें.

किडी.—

परसांतील डाळिंबाचा मुख्य चोर म्हणजे सुरसा अळी. निळसर तपकिरी रंगाचें एक फुलपांखरूं फुलांवर व कोंवळ्या फळांच्या पाकळीपाशीं एकेक अंडें घालतें. अळी फळांत शिरून दाणे खाते; बाहेर दिसतें तें एवढेंसें भोक व त्यांतून येणारी घाण. फळ सडून गळतें. यास औषधापेक्षां हात बरा. फळ लिंबाएवढें झालें कीं टोकावरील वाळलेले फुलाचे अवशेष झटकून त्यास जुन्या पातळ मलमलीची पिशवी घालून बांधावी. एका झाडाचीं साठ फळें बांधावयास एक सकाळ पुरते. किडलेलें फळ दिसतांच तोडून खोल पुरावें. उकिरड्यावर टाकलें तर अळी तेथून पुढचा प्रवास करिते. फळें पिकूं लागल्यावर रात्रीं सोंड खुपसून रस पिणारे पतंगहि येतात. त्यांच्या अळ्या गुळवेल व वासनवेल यांवर वाढतात, हें ध्यानांत घेऊन डाळिंबाजवळ त्या वेली वाढूं देऊं नयेत. पिशवी या पतंगांपासूनहि रक्षण करिते.

मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांवर निंबोळी अर्क चालतो. पन्नास ग्रॅम वाळल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यांत भिजवाव्या, सकाळीं फडक्यांतून पिळून गाळून एक लिटर पाणी करावें व संध्याकाळच्या वेळीं फवारावें.

झाड हिरवेंगार असतांना एखादी फांदी एकाएकीं पिवळी पडून वाळली, मग दुसरी, मग सर्व झाड, असें झालें तर ती मर. ती मुळांतील बुरशीनें येते; पाणी तुंबणें, मुळांवरील सूत्रकृमि, व खोडास टाचणीच्या डोक्याएवढीं भोकें पाडणारा बारीक भुंगेरा हे तिचे सोबती. वाळलेलें झाड मुळांसकट काढून जाळावें. खोडास वर्षांतून दोनदां मोरचूद व चुना यांचा लेप दोन फूट उंचीपर्यंत देणें हितावह होय. एक लिटर पाण्यास शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम चुना हें प्रमाण.

तेल्या रोग, आणि आमची चूक.—

हा रोग झँथोमोनास नांवाच्या जिवाणूपासून होतो. दिल्लीच्या बाजूस सन १९५२ मध्यें त्याची प्रथम नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रांत सन २००० नंतरच्या दशकांत त्यानें मळेच्या मळे बसविले. पानांवर, काड्यांवर व फळांवर प्रथम पाणी भिनल्यासारखे तेलकट ठिपके पडतात. मग ते काळपट होतात. फळावरील डागांतून आडव्या-उभ्या भेगा पडून फळ उकलतें. पावसाचे उडणारे थेंब, ओला वारा, कापणीची कात्री, आणि सर्वांत मुख्य म्हणजे रोगट रोप, यांतून तो पसरतो. झाडाच्या आंत गेलेल्या रोगावर गुणकारी औषध नाहीं. गळलेल्या पानांत व वाळल्या काड्यांत जिवाणू कित्येक महिने जगून राहतात.

सांगोलें तालुक्यांतील आमच्या घराच्या परसांत आमच्या मातोश्रींनीं लाविलेलें गणेश जातीचें डाळिंब होतें. मातोश्री सन २००४ मध्यें वारल्या. झाड त्यांच्यामागें आम्हीं संभाळलें. परसाच्या दगडी गडग्यापलीकडे आमच्या शेजाऱ्यांचा दोन एकरांचा डाळिंबाचा मळा होता. सन २००९ च्या पावसाळ्यांत आम्हीं एका रोपवाटिकेंतून भगव्याचें एक रोप निम्म्या किमतींत मिळालें म्हणून आणलें व जुन्या झाडाशेजारीं लाविलें. त्याच्या दोन-तीन पानांवर ठिपके होते. ते आम्हीं पाहिले होते. प्रवासांत पान चुरगळलें असेल, असें मनास समजावून आम्ही मोकळे झालों.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस जुन्या झाडाच्या पानांवर ठिपके आले. संशोधन केंद्राचीं पत्रकें आमच्याच कचेरींत येत. रोगट झाडाचा भाग कापून जाळावा, हें त्यांत स्वच्छ छापलेलें असे. तें आम्हीं वाचलें होतें. पण आईच्या हातचें झाड. त्यास कात्री लावावयास हात होईना. पुढील पावसाळ्यांत फळांवर डाग पडले, व त्याच महिन्यांत गडग्याजवळच्या शेजाऱ्यांच्या पहिल्या दोन ओळींत रोग दिसला. सन २०११ च्या अखेरीस त्यांनीं सर्व मळा काढला.

रोग आमच्याच झाडावरून गेला असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. त्या सालीं तो पुष्कळ मळ्यांत होता. परंतु तो गडग्याकडील ओळींतूनच आंत शिरला हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. तालुक्याच्या कचेरींत त्या वर्षींच्या नुकसानीच्या याद्या आमच्याच हातून उतरल्या. गट नंबर, क्षेत्र, झाडांची संख्या, नुकसानीचें कारण, असे रकाने असत. रोग कोठून आला, असा रकाना नसतो. शेजाऱ्यांच्या नांवापुढें आम्हीं "तेल्या" एवढेंच लिहिलें.

मळा काढल्यावर आम्ही त्यांस विचारलें, "आमचें झाड रोगट आहे हें तुम्हांस दिसत होतें. दोन वर्षें कां बोललां नाहीं?" ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या आईचं झाड. मी कसं म्हणू तोडा म्हणून?"

त्या आठवड्यांत आम्हीं दोन्ही झाडें मुळांसकट काढून जागच्या जागीं जाळलीं, गळलेला पाला वेंचून जाळला, जमिनीवर ब्लीचिंग पावडर भुरकाविली, व ती जागा पुढें दोन वर्षें मोकळी ठेविली. जें काम दोन वर्षांपूर्वीं चार पानें व एक रोप यांवर भागलें असतें, तें मग दोन एकरांनीं फिटलें. आणि तें एकर आमचे नव्हते.

म्हणून परसांत एकच झाड आहे, आपल्याला काय करावयाचें आहे, असें कोणीं समजूं नये. मळेवाला निदान फवारणी करितो. परसांतील दुर्लक्षित झाड हें रोगाचें बिनभाड्याचें बिऱ्हाड होतें. गडग्यापलीकडे कोणाचें तरी कर्ज त्या झाडांवर उभें असतें.

उपाय पुढीलप्रमाणें. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडवावी. रोगट फांदी डागाखालीं दोन-तीन इंच निरोगी भाग घेऊन कापावी व जाळावी; कापल्या जागीं मोरचूद-चुन्याचा लेप द्यावा. पावसाळ्यापूर्वीं, छाटणीनंतर, व पावसाची उघडीप असतां बोर्डो मिश्रण फवारावें. पांच लिटर मिश्रणासाठीं पन्नास ग्रॅम मोरचूद अडीच लिटर पाण्यांत, व पन्नास ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अडीच लिटर पाण्यांत, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत निरनिराळे विरघळावे. चुन्याचें पाणी गाळून त्यांत मोरचुदाचें पाणी लांकडी काठीनें ढवळीत हळूहळू ओतावें. लोखंडाचा स्वच्छ खिळा मिश्रणांत क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याचें पाणी घालावें. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें. कोंवळी पालवी असतां निम्म्या तीव्रतेचें करावें, व फळें काढणीस आलीं असतां फवारूं नये. एवढें करूनहि सर्व झाडभर डाग पसरले तर झाड ठेवूं नये.

काढणी.—

डाळिंब तोडल्यानंतर पिकत नाहीं. आंब्यासारखें तें आढींत घालून गोड होईल अशी आशा व्यर्थ होय. म्हणून तयार झाल्याच्या खुणा ओळखाव्या. फळाचा गोल आकार किंचित् चपटा व कंगोरेदार होतो, टोकावरील पाकळ्या आंत वळून मिटतात, हिरवा रंग जाऊन जातीप्रमाणें पिवळसर तांबडा किंवा केशरी होतो, व बोटानें टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. फूल आल्यापासून पांच ते सहा महिने लागतात. फळ ओढून तोडूं नये, देंठाशीं कात्रीनें कापावें. न तडकलेलें, न आपटलेलें फळ थंड व हवेशीर जागीं कित्येक दिवस टिकतें. साल सुरकुतली तरी दाणे चांगले राहतात.

सन २०१३ च्या अखेरीस आम्हीं त्याच परसांत, जुन्या खड्ड्यापासून दूर, पानन् पान तपासून घेतलेलें एक रोप लाविलें. प्रत्येक पावसाळ्यांत आठवड्यास एकदां आम्ही तें झाड खालपासून वरपर्यंत पाहतों. शेजाऱ्यांनीं कांहीं वर्षें ज्वारी घेतली व नंतर पुन्हां अर्धा एकर डाळिंब केलें. आमच्या झाडाच्या पहिल्या बहाराचीं फळें बावीस होतीं. तीं आम्हीं गडगा ओलांडून त्यांच्याकडे नेलीं. त्यांनीं एक फळ फोडलें, दाणे पाहिले, साल उलटसुलट करून उजेडांत धरली, आणि मग म्हणाले, "स्वच्छ आहे." त्या दोन शब्दांहून मोठें प्रशस्तिपत्र आम्हांस नोकरींत कधीं मिळालें नाहीं.

सारांश, ऊन भरपूर, ओल बेताची, फुटवे थोडे, वर्षांत एक बहार, फळास पिशवी, आणि पानावरील पहिल्या ठिपक्यास तत्काळ कात्री. एवढें ज्याच्या हातून होईल त्याच्या परसांत डाळिंब फळेल, व त्याच्या शेजाऱ्याच्या मळ्यासहि त्यापासून उपद्रव होणार नाहीं. सभासदांपैकीं ज्यांच्या घरीं जुनें झाड आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवून प्रथम त्याचीं पानें उलटून पाहावीं, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.